दुसरा जामीनदार

पंतनगर, घाटकोपर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

विशाल,

जयभीम. हे पत्र मायेचं नाही, भांडणाचं आहे, ते आधीच सांगते. फोनवर तू मला ब्लॉक केलंस म्हणून कागद घेऊन बसले. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची माझी सकाळची फेरी हल्ली मुलुंडला असते. वाटेत केतनचं झेरॉक्सचं दुकान लागतं, त्याच्याकडे देईन. तुझा पत्ता माहीत नाही असं तो दोन वर्षं सांगतोय. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, हे तुम्ही दोघं पाचवीत होतात तेव्हापासून मला माहीत आहे.

तर ऐक. माझ्या क्रेडिट कार्डावर एक लाख चौऱ्याण्णव हजार चढलेत. कशापायी ते विचारू नकोस, घरातलं थोडं काम निघालं होतं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, वर त्याच्यावर कर. मी महिन्याला आठ हजार भरते आणि पुढच्या बिलात बरोबर तेवढेच पुन्हा उगवतात. सहा महिने भरतेय, मुद्दल होतं तिथेच आहे.

आमच्या लॅबच्या रिसेप्शनला तेजल नावाची मुलगी आहे, तुझ्या बरोबरीची. ती म्हणाली, "ताई, बॅलन्स ट्रान्सफर करा ना. दुसऱ्या बँकेचं कार्ड घ्यायचं. ते लोक या कार्डाची थकबाकी स्वतःकडे घेतात, सहा महिने व्याज नावापुरतं. तेवढ्यात मुद्दल फेडत सुटायचं." मी लगेच अर्ज केला. दोन दिवसांनी मेसेज आला, आपला अर्ज आमच्या अंतर्गत निकषांत बसत नाही. निकष कुठले, ते सांगत नाहीत. मुलगी बघायला येतात, पोहे खातात आणि नंतर मध्यस्थाकडून निरोप धाडतात, तसं. मला त्याची सवय आहे, म्हणून वाईट नाही वाटलं.

मग मी आईची शिकवण चालवली. पाच दुकानं फिरल्याशिवाय साडी घ्यायची नाही, पहिल्या दुकानात घेतली तो फसला. नऊ दिवसांत पाच बँकांना अर्ज केले. एका ठिकाणी मॉलमधल्या पोराने पाण्याची बाटली फुकट दिली, तेवढीच कमाई. पाचही नकार. शेवटच्या बँकेने तर चार मिनिटांत नको म्हटलं. चार मिनिटं मला म्हाताऱ्या माणसाची नस शोधायला लागतात.

तेजलला सांगितलं तर ती डोक्याला हात लावून बसली. "ताई, प्रत्येक अर्जाला बँक तुमचं सिबिल बघते आणि बघितल्याची नोंद राहते. एकदम पाच जणांना विचारलंत तर सहाव्याला वाटणार ना, ही बाई बुडायला आलीय." म्हणजे मी जेवढी फिरले तेवढी माझी पत खाली गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मला कोण सांगणार? आपल्या घरात क्रेडिट कार्ड घेणारी मी पहिली.

तेजलने मोबाइलवर माझा रिपोर्ट काढून दिला. सहाशे एक्केचाळीस. मी सवयीने उजव्या बाजूला नॉर्मल रेंज शोधत होते. ती म्हणाली साडेसातशेच्या वर पाहिजे. आणि मग खाली, माझ्या कार्डाच्या खाली, एक कर्ज निघालं, जे मी काढलंच नव्हतं. बाजूला शब्द होता, जामीनदार.

तुला दुकान टाकायचं होतं तेव्हा अण्णांचं खातं होतं त्या सहकारी बँकेतून तू तीन लाख काढलेस आणि सही मी केली. मोबाइल दुरुस्तीचं ते दुकान पावणेदोन वर्षांत मिटलं. मग हप्ते थांबले. वसुलीवाले आपल्या जिन्यात उभे राहून आईचं नाव घेऊन ओरडून गेले, आणि तू बॅग उचलून चालता झालास. ते सगळं गिळून मी पुढे गेले. आता कळतं की तुझे थकलेले हप्ते माझ्या नावाखाली छापलेत, एकशे ऐंशी दिवस, लाल अक्षरांत. पाचही बँकांनी ते वाचलं असणार. सांगायचं कुणाला, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तुला हे कळावं एवढ्यासाठी लिहिलं. उत्तराची अपेक्षा नाही. आई बरी आहे.

शीतल

पंतनगर
रविवार, १६ मार्च

विशाल,

केतनने पाकीट घेतलं. ड्रॉवरमध्ये टाकलं. कान लाल.

मागच्या पत्रातलं एक वाक्य मागे घ्यायचंय. पूर्ण मागे नाही, अर्धं. मी रागात फक्त एकशे ऐंशी वाचलं होतं. आज सुट्टी, चष्मा लावून तो रिपोर्ट पहिल्यापासून वाचला, पेशंटचा वाचते तसा. प्रत्येक महिन्याला एक चौकोन असतो. हप्ता किती दिवस थकलाय तो आकडा चौकोनात. वेळेवर भरला तर तीन शून्यं.

तू गेलास त्या वर्षीच्या जूनमध्ये एकशे ऐंशी आहे. जुलैमध्ये दीडशे. मग एकशे वीस, नव्वद, साठ, तीस. डिसेंबरात तीन शून्यं. म्हणजे सहा महिने तू दर महिन्याला दोन-दोन हप्ते भरलेस. तेरा हजार सहाशे. दुकान मिटल्यावर धरलेली शोरूममधली नोकरी तर तेव्हा गेलेली होती. कुठून आणलेस रे? जेवत होतास का?

आणि त्यानंतर एक महिना चुकलेला नाही. तीन शून्यं, तीन शून्यं, सगळी ओळभर. मी बोट ठेवून मोजत गेले आणि मधेच मोजणं सोडून दिलं. दोन वर्षं मी बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, नातेवाइकांत तोंड वर करून सांगत होते की माझा भाऊ कर्ज बुडवून पळाला. ते खोटं होतं आणि मला ते एका कार्डाच्या नकारामुळे कळलं.

तूही एक ऐकून घे. घरातलं काम निघालं होतं असं लिहिलं ते खरं नाही. ऑगस्टमध्ये आई मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळेना, ती वेदनेने उशी चावायची, म्हणून मी खासगीत नेलं आणि कार्ड पुढे केलं. आता वॉकर घेऊन चालते. जिना मात्र उतरवत नाही.

तेव्हा तुला कळवायला मी केतनच्या दुकानापर्यंत गेले होते. पायरीवर उभी राहिले, आणि परत फिरले. तू नसताना मी एकटीने आईला उभं केलं, असं मला पुढे कधीतरी तुला ऐकवायचं होतं. इतकी वाईट आहे मी.

शीतल

१४ एप्रिल, संध्याकाळ

विशाल,

जयंतीच्या शुभेच्छा. खाली गल्लीत स्पीकर इतका मोठा आहे की पेन हलतंय.

आईला रिपोर्टचं सांगितलं. सांगणार नव्हते, पण महिना लागला की मी ते अ‍ॅप उघडून बसते हे तिने पकडलं. तेजलला आधीच विचारून घेतलंय, आपलं आपण बघितलं तर पत कमी होत नाही. आईने मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "तीन शून्यं म्हंजे काय गं? काहीच नाही?"

मी म्हटलं, "नाही आई, तीन शून्यं म्हणजे सगळं वेळेवर आहे."

"म्हंजे बरा आहे ना तो?"

"बरा असल्याशिवाय पैसे कोण भरेल?"

मग तिने तो चौकोन अंगठ्याने दाबला. त्यावर दाबलं की भलतीच जाहिरात उघडते. घाबरून मोबाइल माझ्या मांडीवर टाकला. आता दर महिन्याला विचारते, आला का विशालचा रिपोर्ट. माझा रिपोर्ट आहे गं तो, माझी पत आहे त्यात, असं मी म्हणते. ती ऐकत नाही.

आज मी आणि शेजारच्या माणिकने तिला खुर्चीत बसवून खाली विहारापर्यंत नेलं. भेटणारा प्रत्येक जण तुझं विचारतो. आईने सगळ्यांना सांगितलंय की तू दुबईला आहेस, ए.सी.चं काम करतोस. आज तिने तुला बढती दिली. हाताखाली सहा माणसं आहेत तुझ्या. परत येताना मी म्हटलं, आई, अगं एवढी कशाला दिलीस. तर म्हणाली, होतील ना.

घरात तुझी फार आठवण येते रे विशल्या. हे असं लिहिलेलं वाचून तू हसशील, हस. फ्रिजचं दार उघडं टाकून उभ्याने जेवायचास, त्यावरून मी किती बोलायची तुला. आता फ्रिज बंदच असतो आणि मला जेवण जात नाही. मोरीचा दिवा तू गेल्यापासून मधेच मिचकतो. इलेक्ट्रिशियन बोलवायला पन्नास पावलं लागतात. मी बोलावत नाही.

शीतल

पंतनगर
रविवार, १५ जून

विशाल,

गेला आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. एप्रिलचा चौकोन आला आणि त्यात शून्यं नव्हती. तीसही नव्हतं. तीन फुल्या होत्या.

लॅबमध्ये मी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं. फुली कुणाच्या नावावर मारतात ते मला ठाऊक आहे, मी हॉस्पिटलात चार वर्षं काढलीत. तेजल सुट्टीवर. केतनच्या दुकानात गेले तर शटर खाली, गावी गेलाय म्हणे. आईने विचारलं, आला का रिपोर्ट, तर मी म्हटलं नेट चालत नाही. ती दर तासाला, आता चाललं का?

शुक्रवारी अर्धा दिवस टाकून बँकेत गेले. त्या बँकेची पायरी चढायची नाही असं मी ठरवलं होतं. काउंटरवर अजून तेच लवू मालवणकर बसतात, अण्णांचं पासबुक भरून द्यायचे ते. मी मोबाइल पुढे केला आणि त्या फुल्यांवर बोट ठेवलं. त्यांनी बघितलं आणि हसले.

"अगो, ह्या काय नाय. आमचा सॉफ्टवेअर बदलता हा. त्या महिन्याची माहिती सिबिलाक गेलीच नाय. सगळ्यांच्याच फुल्यो दिसतत."

"हप्ता आला होता का पण?"

"इलो मा. तो सोता येता ना भरूक. पयल्या शनवारी, अकराच्या आत. मोबाइलवरून नको म्हणता, पावती होयी त्येका."

मी तिथल्या बाकावर बसले. लवूकाकांनी पाणी दिलं. दोन वर्षं तू दर महिन्याला माझ्या घरापासून दहा मिनिटांवर येतोस, पावती घेतोस आणि परत जातोस. आई वरच्या मजल्यावर खिडकीत बसलेली असते रे. तिला चौकापर्यंत दिसतं.

निघताना लवूकाका म्हणाले, आता चारच हप्ते उरलेत, ऑक्टोबरचा शेवटचा. कर्ज बंद झालं की तुमचा पण जामीन सुटला, तुमचं सिबिल पण सुधारेल. मला बरं वाटेल असं त्यांना वाटलं. मी हो म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं, नेट आलं, शून्यं आहेत.

शीतल

पंतनगर
रविवार, ६ जुलै

विशाल,

काल मी तुला पाहिलं.

साडेदहाला बँकेसमोरच्या मेडिकलमध्ये जाऊन उभी राहिले. काहीतरी घ्यायला हवं म्हणून कापूस घेतला, मग बँडेज घेतलं, मग तो विचारायला लागला, मॅडम अजून काय. दहा चाळीसला तू आलास. चौकोनाचौकोनांचा शर्ट, पाठीला बॅग. डोक्यावर मागे विरळ झालेत केस, अण्णांसारखेच. एका पायावर भार देऊन चालतोस, काही लागलंय का? आत गेलास, आठ मिनिटांत आलास, पावतीची घडी करून पाकिटात ठेवलीस. मग तू आपल्या घराच्या दिशेला तोंड करून उभा राहिलास. रस्ता ओलांडायचा म्हणून नसेल. सिग्नल दोनदा सुटला. मग रिक्षाला हात केलास.

मी हाक मारली नाही. पंधरा पावलांवर होते. तुझं नाव तोंडात होतं.

का नाही मारली, ते आता लिहिते. हे लिहायचं म्हणूनच बहुतेक मी फेब्रुवारीपासून ही पत्रं लिहितेय आणि दर वेळी भलत्याच गोष्टी सांगून सुटतेय.

वसुलीवाले शोरूममध्ये आले, गिऱ्हाइकांसमोर त्यांनी तुझी कॉलर धरली, मॅनेजरने त्याच दिवशी तुला काढलं. "बँकेने माझी नोकरी कुठे आहे ते शोधून काढलं," असं तू घरी येऊन म्हणालास. बँकेने शोधलं नव्हतं. मी सांगितलं होतं. आदल्या दिवशी ते दोघं जिन्यात होते, आई दाराआड रडत होती, वरच्या मजल्यावरचे वाकून बघत होते. त्यांनी मला विचारलं, तुम्ही भरणार की त्याला दाखवणार? मी शोरूमचं नाव सांगितलं, कुठल्या मजल्यावर ते सांगितलं, आणि तू दुपारी तीननंतर असतोस हेसुद्धा सांगितलं. मला फक्त ते जिन्यातून जायला हवे होते.

आणि त्याच दिवशी तू घरी आलास तेव्हा मीच वर तोंड करून म्हटलं, तुझ्यासाठी सही केली ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. तू बॅग भरलीस. माझ्या मनात होतं की आता खरं सांगावं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी.

तू मला ब्लॉक केलंस ते मी बोलले त्यासाठी, की तुला हे कळलं होतं त्यासाठी, ते मला माहीत नाही. कळलं नसेल तर आता कळलं.

माझं चुकलं, विशाल. आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव.

ताई

पंतनगर
रविवार, २८ सप्टेंबर

विशाल,

मागचं पत्र दिलं त्यानंतर दोन महिने मी केतनच्या दुकानावरून मान खाली घालून जात होते. परवा त्यानेच हाक मारली. म्हणाला, "शीतलताई, दिलं मी. सगळी दिली. तो वाचतो. बोलत काही नाही." मी विचारलं, शेवटचं वाचल्यावर? तर म्हणाला, "ते दुकानातच बसून वाचलं. मग मला म्हणाला, चहा पाज." एवढंच. चहा प्यायलास यावर मी दोन दिवस काढले.

ऑगस्टला आणि सप्टेंबरला मी बँकेकडे फिरकले नाही. मेडिकलवाल्याला तेवढं बरं. मला बघून तू यायचं थांबवशील या भीतीने आले नाही. लवूकाकांना मात्र फोन करून विचारलं, दोन्ही वेळा तू आलास.

आता माझ्या कार्डाचं सांगते. ते पाच अर्ज जुने झाले, तुझी शून्यं साचली, माझा आकडा सातशे नऊवर आला. मागच्या आठवड्यात त्याच बँकेचा मेसेज आला, चार मिनिटांत नको म्हणणारी. अभिनंदन, आपल्यासाठी कार्ड मंजूर आहे, थकबाकी वळवा, सहा महिने सवलतीचं व्याज. तेजल टाळ्या वाजवायला लागली.

मी घेतलं नाही. हिशेब करून बघितला. सहा महिन्यांत माझ्याच्याने काही दोन लाख फिटत नाहीत, सातव्या महिन्यापासून पुन्हा तेच व्याज, मग पुन्हा नवं कार्ड, पुन्हा अर्ज. त्यापेक्षा आपल्या सहकारी बँकेत साडेबारा टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज मिळतं, त्यातून कार्ड एकदाच मिटवून टाकायचं. तेजललाही ते पटलं. हे शहाण्या माणसाचं कारण झालं, आणि ते खरं आहे. दुसरं कारण तुला लिहिते. शनिवारी चार तारखेला तू शेवटचा हप्ता भरशील. मग ते कर्ज बंद होईल, चौकोन संपतील, पुढच्या महिन्यात मोबाइल उघडला की तुझी ओळ थांबलेली असेल. सगळे मला म्हणतात, सुटलीस. आई विचारेल, आला का रिपोर्ट, आणि मी तिला काय दाखवू? तुझं कर्ज फिटू नये असं मला दोन महिने वाटत होतं. कुठली बहीण असं मागते?

तर मी त्या बँकेतून फॉर्म आणला. तिथे नुसता पगार बघून कर्ज देत नाहीत, दोन जामीनदार लागतात, ते तुला माहीत आहे. पहिली तेजल, तिने सही केली. मॅनेजरने विचारलं, दुसरा कोण? मी म्हटलं, भाऊ. त्यांनी तुझं नाव टाकून बघितलं, तोंड वाकडं केलं. म्हणाले, "बाई, याचं मागचं रेकॉर्ड बघितलंत का? एकशे ऐंशी दिवस गेलाय हा."

मी म्हटलं, "त्याच्या पुढचं पण वाचा."

"मला वाचून काय करायचंय? उद्या तुम्ही थकलात तर याच्याकडून वसूल होईल का?"

तेवढ्यात लवूकाका काउंटरवरून उठून आले. म्हणाले, "सायबानू, बुडालेला सगळा भरून काढलेलो माणूस हा तो. असे आपल्याकडे किती असत?" मॅनेजरांनी स्क्रीनवरचं पुढचं रेकॉर्ड वाचलं. मग म्हणाले, "ठीक आहे. घेऊन या त्याला. माझ्यासमोर सही करू दे."

पाच वर्षांपूर्वी तू मला त्याच टेबलासमोर बसवलं होतंस. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजलास आणि म्हणालास, ताई, तुला कधी पस्तावायची वेळ येऊ देणार नाही. मी तेव्हा वाचलंही नव्हतं कशावर सही करतेय. तू वाचून कर. जामीन राहणं म्हणजे काय, ते मला विचार. माझे हप्ते थकले तर तुझ्या नावाखाली छापून येतील. तुला कार्ड नाकारतील, कारण सांगणार नाहीत. माणसं तुझ्या दारात येऊन ओरडतील. तशी वेळ आली, तर त्यांना माझ्या लॅबचा पत्ता दे. सकाळी सातपासून मी तिथेच असते.

नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. तो हक्क मी घालवलाय. केतनला दुसरा जामीनदार म्हणून विचारता येईल, तो नाही म्हणणार नाही. पण मला केतन नकोय.

शनिवारी मी मेडिकलमध्ये उभी राहणार नाही. दहापासून बँकेत आत असेन, बाकावर, समोर. आईला काही सांगितलेलं नाही. ती खिडकीत असेल, ती रोजच असते.

फॉर्म मी भरून ठेवलाय. जामीनदार क्रमांक दोन, तुझं पूर्ण नाव, अण्णांच्या नावासकट. अर्जदाराशी नातं, भाऊ. त्याखाली राहण्याचा पत्ता अशी ओळ आहे. तिथे पेन टेकवून मी बराच वेळ बसले आणि कोरी सोडली. ती तुला भरावी लागेल, विशाल. तू कुठे राहतोस ते मला माहीत नाही.

ताई